मेनू की कमांड? सर्व्हर सांभाळणाऱ्यांचा जुना वाद, सोप्या भाषेत

जुलै २०१८. वसई-विरारमध्ये काही दिवस धो धो पाऊस पडत होता. रुळांवर पाणी साचलं, लोकल थांबल्या, अनेक भागांतली वीज गेली. अशाच एका दिवसाची कल्पना करा.

विरार स्थानकाच्या पश्चिमेला, अर्नाळ्याच्या वाटेवर आगाशी हे गाव आहे. केळीच्या वाड्यांचं आणि सुकेळ्यांचं. समजा, इथे एक छोटी पतपेढी आहे. मागच्या खोलीत एक सर्व्हर आहे आणि तो इन्व्हर्टरवर कसाबसा चालू आहे. महिन्याचा शेवटचा दिवस. काउंटरवर सभासद पावती घेऊन उभे आहेत आणि पडद्यावर अचानक संदेश येतो की डिस्क भरली आहे, नोंद साठवता येत नाही. सर्व्हर सांभाळणारा माणूस बोरिवलीत अडकला आहे. त्याच्याकडे लॅपटॉप आहे आणि मोबाइलचं नेटवर्क जेमतेम एक कांडी दाखवतंय.

आता त्याच्यासमोर दोन रस्ते आहेत. एक म्हणजे ब्राउझरमध्ये सर्व्हरचं पॅनेल उघडायचं आणि त्यातल्या मेनूंवर क्लिक करत जायचं. दुसरा म्हणजे काळा पडदा उघडून दोन-तीन शब्दांच्या कमांड टाइप करायच्या. यातला कुठला निवडावा यावर जगभरातले सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर गेली तीस-पस्तीस वर्षं वाद घालत आहेत. हा वाद नेमका काय आहे आणि त्यातून आपण काय घ्यायचं, ते समजून घेऊ.

आधी थोडक्यात

- मेनू तुम्हाला काय काय करता येईल ते दाखवतो. क्वचित करायच्या कामांसाठी आणि नवशिक्यांसाठी तो चांगला.
- कमांडमध्ये काय करायचं ते तुम्हाला आधी माहीत असावं लागतं. पण ती लिहून ठेवता येते, पुन्हा चालवता येते, दुसऱ्याला देता येते.
- कमांडची एक चूक महागात पडू शकते. मेनूलाही स्वतःचे धोके आहेत.
- सगळ्यात उपयोगी मेनू तो, जो मागे कुठली कमांड चालली ते दाखवतो.

मुळात फरक काय?

सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणजे सर्व्हरची देखभाल करणारा माणूस. नवी खाती उघडणं, पासवर्ड बदलणं, डिस्कवरची जागा बघणं, बॅकअप घेणं, प्रिंटर जोडणं, नेटवर्क नीट ठेवणं ही त्याची रोजची कामं. हे सर्व्हर बहुतेक वेळा युनिक्स किंवा त्याच्या वळणावर बांधलेल्या लिनक्सवर चालतात.

मेनू म्हणजे काय, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. कस्टमर केअरला फोन केला की आवाज येतो, ‘मराठीसाठी १ दाबा’. मग बिलासाठी २, तक्रारीसाठी ३. तुम्हाला काही पाठ असण्याची गरज नसते, समोर येईल त्यातलं निवडायचं. पण तुमची अडचण त्या यादीतच नसेल तर? मग तुम्ही ‘आमच्या प्रतिनिधीशी बोलण्यासाठी’ची वाट बघत बसता.

कमांड लाइन म्हणजे थेट त्या प्रतिनिधीशी बोलणं. यादी नाही, पर्याय नाहीत. पडद्यावर एक चिन्ह लुकलुकतं आणि तुम्ही काय हवं ते टाइप करायचं. नेमकं सांगता आलं तर काम क्षणात होतं. नाही आलं तर पडदा तसाच कोरा राहतो.

कमांड इतक्या तुटक का असतात?

युनिक्सचा जन्म १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये झाला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची ही त्यामागची दोन मुख्य नावं. तेव्हा पडद्याऐवजी टेलिटाइप वापरायचे. ते टाइपरायटरसारखं यंत्र होतं आणि संगणकाचं उत्तर कागदावर छापून यायचं. त्या काळातलं एक प्रसिद्ध मॉडेल सेकंदाला जेमतेम १० अक्षरं छापत असे. प्रत्येक अक्षराला वेळ लागायचा, म्हणून शब्द आखूड ठेवले गेले. कॉपीसाठी ‘सीपी’, मूव्हसाठी ‘एमव्ही’, रिमूव्हसाठी ‘आरएम’, फाइलींची यादी हवी असेल तर ‘एलएस’.

१९७३ मध्ये युनिक्समध्ये ‘पाइप’ आला. ही कल्पना डग मॅकिलरॉय यांची. एका कमांडचं उत्तर थेट दुसऱ्या कमांडच्या तोंडात घालायचं, तिचं तिसरीच्या. एक कमांड मोजते, दुसरी क्रम लावते, तिसरी गाळते. प्रत्येक अवजार लहान, पण एकमेकांना जोडता येणारं. कमांड लाइनचे चाहते ज्या ताकदीविषयी बोलतात, ती मुख्यतः इथून येते. मेनू बनवणाऱ्याला सुचलेलीच कामं मेनूत असतात. पाइपने कोणाला न सुचलेलं कामही जुळवता येतं.

मुंबईच्या बँकांत हिरवी अक्षरं

आपल्याकडे हा वाद पुस्तकातून नाही, बँकांमधून आला. बँकांमधल्या संगणकीकरणासाठी रिझर्व्ह बँकेने डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. कर्मचारी संघटनांचा संगणकाला असलेला विरोध हा त्या काळातला मोठा विषय होता. त्यातून वाट काढत शाखांमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन’ नावाची यंत्रं येऊ लागली. पुढच्या दशकभरात शाखांत आलेल्या अनेक यंत्रांवर युनिक्स चालायचं. एका यंत्राला चार-सहा टर्मिनल जोडलेली असत आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटत.

काउंटरवरच्या कारकुनाला युनिक्स दिसायचंच नाही. त्याने लॉगिन केलं की थेट आकड्यांचा मेनू उघडायचा. १ म्हणजे जमा, २ म्हणजे नावे, ३ म्हणजे शिल्लक. मेनूतून बाहेर पडलं की लॉगिनही संपायचं. कारकून कमांडपर्यंत पोहोचूच नये म्हणून केलेली ही सोय होती. ज्याला फक्त पाच कामं करायची आहेत त्याच्या हातात पन्नास कामांची किल्ली कशाला द्यायची, हा त्यामागचा विचार.

त्या मेनूच्या मागे मात्र ईडीपी विभागातलं कोणीतरी असायचं. यंत्र अडकलं की त्याला फोन जायचा. तो यायचा, ‘रूट’ म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याने आत शिरायचा, काही तरी खटाखट टाइप करायचा आणि यंत्र चालू व्हायचं. त्याने काय टाइप केलं ते बाकी कोणाला कळायचं नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे यावरच बोलायचं आहे.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा अनेक विद्यार्थ्यांनी घेतलेलं स्वस्त खातंही ‘शेल अकाउंट’च होतं. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. मेलसाठी पाइन, वेबसाइट वाचायला लिंक्स. मुंबई-पुण्यातल्या एका पिढीला युनिक्सची पहिली ओळख अशी फोनच्या तारेतून झाली.

मेनू कुठे बाजी मारतो?

१९९० च्या आसपास युनिक्स विकणाऱ्या कंपन्यांनी देखभालीसाठी मेनूवाली अवजारं देणं सुरू केलं. आयबीएमच्या एआयएक्समध्ये ‘स्मिट’ आलं, एचपीच्या युनिक्समध्ये ‘सॅम’, एससीओमध्ये आधी ‘सिसअ‍ॅडमशेल’ आणि नंतर ‘एससीओअ‍ॅडमिन’. लिनक्सवर ‘लिनक्सकॉन्फ’ आणि सुसेचं ‘यास्ट’ आलं. १९९७ मध्ये जेमी कॅमेरॉन यांनी ‘वेबमिन’ काढलं आणि सर्व्हरची देखभाल ब्राउझरमधून करता येऊ लागली. आज होस्टिंग घेणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला दिसणारं ‘सीपॅनेल’ आणि नव्या लिनक्समध्ये मिळणारं ‘कॉकपिट’ ही त्याच घराण्यातली.

मेनूचे फायदे खरे आहेत.

पहिला, शोध. नवीन डिस्क जोडायची आहे, पण कमांडचं नावच माहीत नाही. मेनूत ‘स्टोरेज’वर गेलं की सगळे पर्याय समोर येतात. कमांड लाइनमध्ये मदतीची पानं भरपूर असतात, पण कुठलं पान उघडायचं ते आधी माहीत असावं लागतं.

दुसरा, क्वचित होणारी कामं. वर्षातून एकदा प्रिंटरची रांग बदलायची असेल तर त्यासाठीची कमांड पाठ करण्यात अर्थ नाही. पंधरा-वीस वर्षं युनिक्स हाताळलेली माणसंही अशा कामांसाठी मेनू उघडतात.

तिसरा, तपासणी. चांगला मेनू चुकीचं उत्तर घेतच नाही. आयपी पत्त्यात एक आकडा जास्त पडला की तिथेच अडवतो. एका बदलासाठी तीन फाइलींत नोंद करावी लागत असेल तर तिन्ही करतो, एक विसरत नाही.

चौथा, मर्यादा. बँकेतल्या कारकुनासारखं, एखाद्याला पासवर्ड बदलण्यापुरताच अधिकार द्यायचा असेल तर त्याला चार ओळींचा मेनू पुरतो.

कमांड कुठे बाजी मारते?

आता आगाशीच्या आपल्या काल्पनिक पतपेढीकडे परत जाऊ.

एक कांडी नेटवर्कवर ब्राउझरचं पॅनेल उघडताना त्याची चित्रं, रंग, आलेख असं बरंच काही खाली उतरावं लागतं. उलट ‘एसएसएच’ या सुरक्षित जोडणीतून कमांड पाठवली की तारेवरून फक्त अक्षरं जातात आणि अक्षरं येतात. जिथे पॅनेलचं चाक फिरत राहतं, तिथे हे चालून जातं.

तर आपला माणूस आधी ‘डीएफ’ चालवतो. कुठला कप्पा किती भरला ते दिसतं. नोंदवह्या, म्हणजे लॉग, ठेवायचा कप्पा शंभर टक्के भरलेला आहे. मग ‘डीयू’ने प्रत्येक फोल्डरचा आकार मोजतो, पाइप लावून तो ‘सॉर्ट’कडे देतो, आणि सर्वांत मोठा फोल्डर यादीच्या तळाशी येतो. एक लॉग फाइल बेसुमार वाढलेली आहे. गुन्हेगार सापडला.

इथे नवशिके हमखास एक चूक करतात. ते ती फाइल उडवून टाकतात आणि तरी डिस्क भरलेलीच दिसते. कारण कुठला तरी प्रोग्रॅम त्या फाइलीत अजून लिहीत असतो. युनिक्समध्ये उघडी फाइल उडवली की तिचं नाव जातं, पण प्रोग्रॅम ती सोडत नाही तोवर जागा मोकळी होत नाही. अनुभवी माणूस आधी जुन्या नोंदींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढतो, मग मूळ फाइल न उडवता आतून रिकामी करतो. किंवा फाइल हलवून तो प्रोग्रॅम पुन्हा सुरू करतो. डिस्क भरल्याचं मेनूही सांगेल. जागा परत का मिळाली नाही, हे शोधायला मात्र बहुतेक वेळा कमांडकडेच यावं लागतं.

कमांडची दुसरी ताकद संख्येत आहे. एक नवं खातं उघडायचं असेल तर मेनू ठीक. समजा एका खात्याला दोन मिनिटं लागतात. ४० खाती उघडायची असतील तर ८० मिनिटं झाली, आणि तेविसाव्या खात्यापाशी लक्ष उडण्याची शक्यता वेगळीच. कमांड लाइनवर ४० नावांची एक फाइल करायची आणि तीन ओळींची स्क्रिप्ट चालवायची. पुढच्या वर्षी तीच स्क्रिप्ट पुन्हा उपयोगी पडते.

तिसरी ताकद टिकाऊपणाची. ‘ग्रेप’ ही शोधण्याची कमांड १९७० च्या दशकातली. ज्याने ती तीस वर्षांपूर्वी शिकली, त्याचं ज्ञान आजही चालतं. मेनूवाल्या अवजारांचं तसं झालं नाही. लिनक्सकॉन्फ विस्मरणात गेलं. एचपीने सॅमच्या जागी दुसरं अवजार आणलं. यास्ट ही सुसेची ओळख होती, पण २०२५ मध्ये आलेल्या ओपनसुसे लीप १६ मधून तेही बाजूला झालं. मेनू शिकलेल्या माणसाला दर काही वर्षांनी नव्याने शिकावं लागतं.

आणि मोठ्या यंत्रांवर तर दुसरा पर्यायच फारसा नसतो. पुण्यातल्या आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक आहे. तिथे काम करणारा संशोधक एसएसएचने आत जातो, काय काम करायचं ते एका छोट्या फाइलीत लिहितो आणि रांगेत सोडतो. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक महासंगणक लिनक्सवरच चालतो.

एका ओळीची किंमत

एवढं सगळं असूनही कमांडला घाबरावं अशी उदाहरणं कमी नाहीत.

३१ जानेवारी २०१७. गिटलॅब ही प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणारी कंपनी. रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या एका इंजिनीअरला दुय्यम सर्व्हरवरचं डेटाबेसचं फोल्डर उडवायचं होतं. कमांड बरोबर होती, पण खिडकी चुकीची. ती मुख्य सर्व्हरवर चालली. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली आणि त्याने कमांड थांबवली, पण तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरलं होतं. बॅकअपच्या ज्या सोयी होत्या त्या तपासायला गेल्यावर एकेक करत निकामी निघाल्या. शेवटी सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत सापडली म्हणून निभावलं. त्या सहा तासांतल्या नोंदी मात्र गेल्या. कंपनीने हे सगळं लपवलं नाही, दुरुस्तीचं काम थेट प्रक्षेपणात दाखवलं.

महिनाभरातच, २८ फेब्रुवारी २०१७ ला, अ‍ॅमेझॉनच्या साठवणूक सेवेत बिघाड झाला. बिलिंगच्या एका अडचणीचा शोध घेताना थोडे सर्व्हर काढून घ्यायचे होते. कमांडमध्ये एक आकडा चुकला आणि हवे होते त्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर निघून गेले. अमेरिकेतल्या असंख्य वेबसाइट सुमारे चार तास अडखळल्या. त्यानंतर अ‍ॅमेझॉनने ते अवजारच बदललं. सर्व्हर हळूहळू काढले जातील आणि किमान गरजेखाली जाऊ दिलं जाणार नाही, असे अडसर घातले.

दोन्ही ठिकाणी माणसं अनाडी नव्हती. कमांड लाइन ‘नक्की ना?’ असं विचारत नाही, हा तिचा स्वभाव आहे. म्हणूनच अनुभवी लोक आपला पडदा असा ठेवतात की कुठल्या सर्व्हरवर आहोत ते नाव सतत ठळक दिसावं. खऱ्या सर्व्हरच्या खिडकीला लाल रंग, सरावाच्या सर्व्हरला हिरवा. रूट खात्याने कायम बसून राहायचं नाही, गरज पडेल तेव्हा ‘सुडो’ने तेवढीच कमांड चालवायची. आणि उडवण्याआधी तीच निवड ‘एलएस’ने बघून घ्यायची.

मग मेनू तरी सुरक्षित का?

तसंही नाही. ब्राउझरमधलं पॅनेल म्हणजे सर्व्हरला काढलेलं आणखी एक दार. ऑगस्ट २०१९ मध्ये उघड झालं की वेबमिनच्या काही आवृत्त्यांमध्ये कोणीतरी घातकी कोड घुसवलेला होता. तो मूळ कोडमध्ये नव्हता, तर वाटपासाठी तयार झालेल्या प्रतीत शिरला होता. त्यामुळे पासवर्ड नसतानाही बाहेरच्या माणसाला सर्व्हरवर कमांड चालवता येण्याची वाट उघडी राहिली होती. वेबमिनने दुरुस्त आवृत्ती काढली. पण ज्यांनी पॅनेल एकदा बसवलं आणि विसरून गेले, त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोहोचत नाही. पॅनेल ठेवायचं तर ते साऱ्या इंटरनेटला उघडं ठेवू नये आणि वेळच्या वेळी अद्ययावत करावं.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. मेनूतून बदल केला की काम होतं, पण नेमकं काय बदललं ते माणसाला कळत नाही. सहा महिन्यांनी तोच सर्व्हर नव्याने उभा करायची वेळ आली, तर ‘कुठल्या तरी पडद्यावर कुठली तरी खूण केली होती’ एवढंच आठवतं.

वादातून सुटलेली गाठ: मागची कमांड दाखवा

आयबीएमच्या स्मिटने यावर एक साधा उपाय केला होता, आणि जुने एआयएक्सवाले आजही त्याची आठवण काढतात. मेनूत सगळे रकाने भरायचे, पण लगेच एंटर दाबायचं नाही. आधी एफ-६ दाबायचं. मग स्मिट आता जी कमांड चालवणार आहे ती पूर्ण पडद्यावर दाखवतं. शिवाय काम झाल्यावर काय केलं याची नोंद एका फाइलीत आणि चालवलेल्या कमांड दुसऱ्या फाइलीत ठेवतं. ती दुसरी फाइल थोडी नीटनेटकी केली की स्क्रिप्ट तयार. चित्रमय स्मिटमध्ये काम चालू असताना एक छोटा माणूस धावताना दिसायचा, आणि काम फसलं की तो तोंडावर आपटायचा. या धावणाऱ्या माणसापेक्षा एफ-६ ने जास्त लोकांना युनिक्स शिकवलं.

मायक्रोसॉफ्टही याच वाटेने आलं. एक्स्चेंज २००७ या मेल सर्व्हरमध्ये मेनूतून काम केलं की त्यामागची पॉवरशेलची कमांड पडद्यावर दिसायची. मेनू आणि कमांड इथे एकाच कामाची दोन तोंडं झाली.

आज मोठ्या कंपन्या आणखी पुढे गेल्या आहेत. २०१२ मध्ये आलेल्या अ‍ॅन्सिबलसारख्या अवजारांत सर्व्हर कसा असावा हे एका फाइलीत लिहून ठेवतात. ती फाइल गिटमध्ये राहते, कोणी कधी काय बदललं ते दिसतं, दुसरा माणूस तपासतो आणि मगच ती चालते. इथे वादाचा मुद्दाच बदलतो. मेनू की कमांड यापेक्षा, केलेलं काम लिहून राहिलं की नाही हा प्रश्न मोठा ठरतो.

कमांड वापरली की ते आपोआप लिहून राहतं, असंही समजू नका. शेलचा इतिहास खोडता येतो, आणि बहुतेक ठिकाणी त्यात वेळही नोंदलेली नसते. बँकेतला तो ईडीपीवाला आठवा. तो कमांडच वापरायचा, पण त्याच्याशिवाय शाखेचं पान हलत नव्हतं.

कधी काय वापरावं?

- काम पहिल्यांदाच करताय आणि पर्याय माहीत नाहीत: मेनू. पण मागची कमांड दिसत असेल तर टिपून ठेवा.
- वर्षातून एक-दोनदा होणारं काम: मेनू, किंवा आधी लिहून ठेवलेली कमांड.
- रोजचं किंवा अनेक सर्व्हरवर करायचं काम: स्क्रिप्ट.
- नेटवर्क कमजोर किंवा सर्व्हर अर्धवट बंद: कमांड. अडलेल्या सर्व्हरवर पॅनेल अनेकदा उघडतच नाही.
- मर्यादित अधिकार असलेला कर्मचारी: मेनू, किंवा सुडोने ठरावीक कमांडपुरती परवानगी.
- काही उडवायचं आहे: कुठलंही वापरा, पण आधी बॅकअप आहे का आणि तो खरंच परत भरता येतो का ते बघा.

आणखी एक गोष्ट. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली, यूट्यूबच्या व्हिडिओत दिसलेली किंवा एआयने लिहून दिलेली कमांड रूट खात्यात तशीच चिकटवू नका. ‘मॅन’ ही कमांड त्या कमांडचं पान उघडून देते. त्यातला प्रत्येक भाग काय करतो ते कळल्यावरच एंटर दाबा. न कळलेली कमांड म्हणजे ज्याचे पर्याय दिसत नाहीत असा मेनूच.

मराठीत शिकायचं असेल तर

कमांड लाइन इंग्रजी शब्दांची असली तरी ती शिकायला इंग्रजी माध्यम लागत नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे छोटे छोटे धडे मराठी आवाजातही आहेत, आणि ते मोफत बघता येतात. धडा ऐकायचा, थांबवायचा आणि शेजारच्या खिडकीत तेच करून बघायचं, अशी त्यांची पद्धत. पुस्तकच हवं असेल तर नागपूरचे यशवंत कानेटकर यांचं युनिक्स शेल प्रोग्रॅमिंगवरचं इंग्रजी पुस्तक भारतातल्या अनेक इंजिनीअरांनी वाचलेलं आहे. सरावासाठी जुना लॅपटॉप पुरतो. त्यावर लिनक्स घाला, बिघडवा, पुन्हा घाला. आगाशी-विरारहून रोज लोकलने अंधेरीपर्यंत जाणाऱ्या मुलामुलींसाठी हे फुकटात मिळणारं कौशल्य आहे, आणि दर काही वर्षांनी जुनं होणारं नाही.

शेवटी पतपेढीचं काय?

आपल्या गोष्टीतल्या पतपेढीत दुपारपर्यंत डिस्कवर जागा झाली, नोंदी साठू लागल्या, सभासदांना पावत्या मिळाल्या. पण गोष्ट इथे संपवली तर अर्धीच शिकवण मिळते. त्या दिवशी तो माणूस फोनवर नसता, किंवा त्याने नोकरी सोडलेली असती तर?

म्हणून काम संपल्यावर त्याने एक छोटी फाइल लिहायला हवी. त्यात तीन गोष्टी असाव्यात: काय बिघडलं, कुठल्या कमांड चालवल्या, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. लॉग आपोआप लहान राहावेत यासाठी ‘लॉगरोटेट’ची सोय लिनक्समध्ये असते, तीही लावून घ्यावी. त्या फाइलीची एक छापील प्रत सर्व्हरच्या शेजारी, फायरवॉलच्या पासवर्डसारखं गुपित त्यात न घालता, ठेवावी. आणि पुढच्या पावसाळ्याआधी एकदा, त्या कागदावर बघून दुसऱ्या कोणाकडून तेच काम करून घ्यावं.